बाइंडिंगला टाकण्याआधी
(महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र)

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तक्रारीचं वाटेल, म्हणून आधीच सांगतो, तक्रारीतला पहिला आरोपी मीच आहे. तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी सहा वर्षं होतो. त्या सहा वर्षांतल्या बाइंडिंगच्या प्रत्येक बिलावर माझी सही आहे.

दर उन्हाळ्यात ठरलेला कार्यक्रम असे. ग्रंथपाल बाई कपाटं उघडून बसायच्या. शिवण सुटलेली, पाठ उसवलेली, मधली पानं लोंबणारी पुस्तकं बाजूला काढून दाखल नंबरांची (पुस्तक नोंदवहीत चढवताना त्याला मिळणाऱ्या क्रमांकांची) यादी करायच्या. मग बाइंडर येऊन गठ्ठे बांधून न्यायचा. महिन्या-दीड महिन्याने पुस्तकं परत यायची ती ओळखू न येण्याजोगी. कादंबरी असो, कवितासंग्रह असो की पाककृतींचं पुस्तक, सगळ्यांच्या अंगावर तेच काळपट लाल रेक्झिन, पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव आणि खाली दाखल नंबर. शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं जणू. आम्ही खूश असायचो. ‘आता वीस वर्षं बघायला नको,’ असं आमचे अध्यक्ष म्हणायचे आणि ते खोटंही नव्हतं.

जुन्या मुखपृष्ठांचं काय झालं, हे त्या सहा वर्षांत एकाही सभेत कुणी विचारलं नाही.

मला ते कळलं अगदी योगायोगाने. रेक्झिनमध्ये बांधलेल्या एका पुस्तकाची पाठ उंदराने कुरतडली होती, म्हणून ती उसवून पाहिली. आत पुठ्ठा आणि शिवण यांच्यामध्ये, पाठीला ताठपणा यावा म्हणून बाइंडर जो रद्दी कागद डकवतात, त्याची चार बोटं रुंदीची पट्टी निघाली. पट्टीवर केशरी आभाळ, एका बाईच्या पदराचा काठ आणि कोपऱ्यात सही, ‘दलाल’. कुठल्या तरी दुसऱ्याच पुस्तकाचं मुखपृष्ठ या पुस्तकाच्या पाठीला अस्तर म्हणून गेलं होतं. कुठल्या पुस्तकाचं, ते मला आजतागायत शोधता आलेलं नाही. बाइंडरला विचारलं तर तो भाबडेपणाने म्हणाला, ‘साहेब, जाड कागद चांगला बसतो.’ त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला आम्ही मजकूर टिकवायला सांगितलं होतं, तो त्याने टिकवला.

हे सगळं आजच लिहायला कारण आहे. आमच्या पिढीपर्यंत वाचनालयाचं काम म्हणजे मजकूर टिकवणं, कारण तो दुसरीकडे कुठे मिळण्याची खात्री नसे. प्रत फाटली की गोष्ट गेली. आता तसं राहिलेलं नाही. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, मराठी पुस्तकं अधिकृतपणे मिळू लागली. त्याआधीपासून मराठी ई-पुस्तकांची दुकानं आणि ॲपं होतीच. माझी भाची जर्मनीत असते. मी इथे वर्गणी भरून जे पुस्तक आठ दिवस राखून ठेवायला सांगतो, ते ती तिथे ट्राममध्ये बसल्या बसल्या फोनवर उघडते. चांगलंच आहे. वाचणाऱ्याने वाचावं, कशावर वाचतो याचा सोवळेपणा मला नाही. मी स्वतः रात्री अक्षर मोठं करून किंडलवरच वाचतो, कारण माझे डोळे आता जुन्या छपाईला दाद देत नाहीत.

पण त्या यंत्रावर मुखपृष्ठाचं काय होतं ते पाहा. यादीत ते पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं. साध्या ई-इंक पडद्यावर करड्या रंगाच्या सोळा छटा असतात, तेवढ्यात काय तो सूर्योदय मावायचा. पुस्तक उघडलं की यंत्र बहुधा आपल्याला थेट पहिल्या प्रकरणावर नेऊन बसवतं; मुखपृष्ठ पाहायचं तर मागे जावं लागतं. मलपृष्ठ आणि कणा तर नसतातच. मुखपृष्ठावरून सुरू होऊन कण्यावरून वळसा घेत मलपृष्ठावर संपणारं चित्र ज्याने काढलं, त्याचं निम्म्याहून अधिक काम तिथे पोचतच नाही.

स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांची गत याहून वाईट आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात हजारो भारतीय पुस्तकं स्कॅन झाली, त्यांत मराठीही पुष्कळ आहेत. त्या प्रकल्पाचे उपकार मानावेत तेवढे थोडे, माझ्यासारख्याला कितीतरी दुर्मीळ पुस्तकं त्यामुळेच वाचायला मिळाली. पण ते स्कॅन बहुतेक निव्वळ काळे-पांढरे, करड्या छटासुद्धा नाहीत, आणि प्रती आणल्या कुठून, तर ग्रंथालयांतून. म्हणजे फाइल उघडली की समोर येतो ग्रंथालयाचा शिक्का, पाठोपाठ तारखांची देवघेव-चिठ्ठी आणि मग एकदम शीर्षकपान. मुखपृष्ठ स्कॅन करायचं राहिलं असं नव्हे, स्कॅन करायला ते शिल्लकच नव्हतं. तुमच्या-आमच्यासारख्या कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी बाइंडिंगच्या बिलावर सही केलेली होती.

म्हणजे उलटंच झालं बघा. जो मजकूर जाईल म्हणून आपण धास्तावलो होतो, तो आता कुठेही मिळतो. आणि जे केवळ छापील प्रतीवरच होतं, ते आपणच काढून फेकलं.

त्यात काय होतं, हे थोडं सांगितलं पाहिजे, कारण ‘वरचं चित्र’ एवढंच समजून आपण ते फाडलं.

दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) ही दोन नावं आपल्या घरांत माहीत असतात ती दिवाळी अंकांमुळे आणि कॅलेंडरांमुळे. दोघांचंही मूळ गोव्याचं. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. पण यांचं मोठं काम पुस्तकांवर आहे. वसंत सरवटे (१९२७–२०१६) नोकरीने सिमेंट कंपनीतले इंजिनिअर. त्यांच्या रेषेने मराठी विनोदी पुस्तकांना चेहरा दिला. यांची मूळ चित्रं फार थोड्यांच्या नशिबी आली. कलादालनात दहा माणसं जाणार. मुखपृष्ठ मात्र गावोगावच्या वाचनालयात, चाळीतल्या कोनाड्यात, एस.टी.च्या प्रवासात हातात. मराठी माणसाने चित्रकला पाहिली असेल तर ती मुख्यतः या जागी, आणि फुकट.

आणि तंत्राचंही एक सांगतो. ऑफसेट सर्रास होण्याआधी ही मुखपृष्ठं ब्लॉकवर छापली जात. प्रत्येक रंगाचा जस्ताचा वेगळा ब्लॉक, प्रत्येक रंगासाठी कागद पुन्हा एकदा यंत्रात. रंग वाढला की खर्च वाढला. म्हणून चित्रकाराला बजावलेलं असे, ‘दोन रंगांत बसवा.’ मग तो पिवळ्यावर निळा चढवून हिरवा फुकटात काढी, कागदाचा पांढरा तिसरा रंग म्हणून वापरी, बाईच्या चेहऱ्याला रंगच देत नसे, नुसती रेघ. जिथे दोन ब्लॉक केसभर हुकले तिथे रंगाची कड रेषेच्या बाहेर डोकावते. भिंग लावून पाहिलंत तर हाफटोनचे, म्हणजे छटा दाखवणारे बारीक ठिपके दिसतात, एकमेकांत गुंतलेले. हे सगळं कागदावर आहे, मूळ चित्रातसुद्धा नाही. चित्र आणि छपाई मिळून ते झालेलं आहे. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये त्याचा नुसता शाईचा डाग होतो.

अक्षरांचंही तेच. आज कुठलाही मजकूर टंकला की अक्षर फाँटमधून येतं. माझ्या संगणकावर वर्षानुवर्षं मराठी दिसायची ती ‘मंगल’मध्ये, आणि मंगल घडवला र. कृ. जोशींनी (१९३६–२००८), म्हणजे तिथेही अखेर एका सुलेखनकाराचाच हात. पण जुन्या मुखपृष्ठावरचं शीर्षक हे त्या एका पुस्तकापुरतं काढलेलं असे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींत जे केलं ते आठवा, नाव वाचण्याआधीच नाटक गंभीर आहे की फार्स, हे कळायचं. पुस्तकांच्या शीर्षकांतही हा प्रकार होता. एखाद्या वेलांटीचा फाटा लांबवून त्याची वाट केलेली, एखाद्या शिरोरेषेला भेग पाडलेली. पुस्तक रेक्झिनमध्ये बांधलं की हे सगळं जातं आणि पाठीवर उरतं बाइंडरच्या पोराचं हस्ताक्षर. (ते आमच्याकडे फार सुंदर होतं, हेही नोंदवतो. पण तो भाग वेगळा.)

सगळीच मुखपृष्ठं जपण्याच्या लायकीची होती असं मी म्हणणार नाही. पुष्कळशी भिकार होती. उलटं वळून पाहणारी, वाऱ्यावर केस सोडलेली नायिका मी शंभर पुस्तकांवर पाहिली आहे, आणि त्यांतल्या निम्म्या पुस्तकांत नायिकाच नव्हती. आजचीही बरीच तशीच आहेत. इंटरनेटवरचं एखादं तयार छायाचित्र, मावळता सूर्य, पाठमोरा माणूस आणि मोबाइलच्या पडद्यावर वाचता यावं म्हणून भलंमोठं जाड अक्षर. पण भिकार कुठलं आणि जपण्याजोगं कुठलं, हे ठरवण्याचा अधिकार कातर हातात असलेल्याला कुणी दिला?

वाचक मुखपृष्ठ कसं वाचतो, हे तुमच्या ग्रंथपालांना विचारा. देवघेवीच्या खिडकीशी तासभर उभं राहिलं तरी कळेल. ‘ते निळ्या मुखपृष्ठाचं नाही का, त्यावर दिवा होता…’ लेखक आठवत नाही, नाव आठवत नाही, पण दिवा आठवतो. आमच्या वाचनालयात एक आजी यायच्या, त्यांना लहानपणी वाचलेलं एक पुस्तक पुन्हा वाचायचं होतं. खूण एकच, पिवळं मुखपृष्ठ आणि त्यावर झोका. आमच्या बाईंनी तीन शनिवार कपाटं धुंडाळली. ते पुस्तक कदाचित तिथेच होतं, हाताला लागूनही गेलं असेल. पण कपाटात पिवळं काही उरलंच नव्हतं.

आता कायद्याचं. आपण ग्रंथालयवाले १९६७ चा महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा तोंडपाठ म्हणतो, कारण अनुदान त्यावर अवलंबून. त्याच्याही आधीचा, १९५४ चा, केंद्राचा एक कायदा आहे. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी काही नेमलेल्या ग्रंथालयांना द्यायची, तो. प्रत कशी असावी हेही त्यात लिहिलं आहे. राष्ट्रीय ग्रंथालयात जाणारी प्रत नकाशे-चित्रांसह, उत्तमातल्या उत्तम प्रतींप्रमाणे रंगवून पुरी केलेली हवी. बाकीच्या ग्रंथालयांना जाणारी, विक्रीसाठी पुस्तकं ज्या स्थितीत तयार केली त्याच स्थितीत हवी. हे नेमलेल्या चार ग्रंथालयांपुरतं आहे, तुमच्या-आमच्यावर बंधनकारक नाही, याची मला कल्पना आहे. पण कायदा लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळली होती, ती मला सहा वर्षं सभांना बसूनही कळली नाही. नुसता मजकूर म्हणजे पुस्तक नव्हे, विक्रीला निघालं तेव्हा ते जसं होतं, तसं पुस्तक.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. अनुदान अपुरं, तेही वेळेवर नाही. ग्रंथपालाला जे वेतन आपण देतो ते सांगायची लाज वाटते. पावसाळ्यात छत गळतं, वाळवीचा पत्ता एका कपाटात कळतो तोवर ती तिसऱ्यात गेलेली असते. अशात हा गृहस्थ चित्रांचं काय घेऊन बसला, असं वाटणं साहजिक आहे. शिवाय बाइंडिंग करूच नका असं कसं म्हणू? कागदी मुखपृष्ठाचं पुस्तक दोनशे हातांतून गेलं की त्याच्या चिंध्या होणारच. पुस्तक फिरलं पाहिजे, नाहीतर ते वाचनालय कसलं.

मागणं त्यामुळे अगदी किरकोळ आहे. पुस्तक बाइंडरकडे जाण्याआधी मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडवून घ्यायला सांगा आणि नव्या पुठ्ठ्यावर बाहेरून डकवून घ्या. कण्याची पट्टी मिळाली तर तीही आतल्या बाजूला लावा. बाइंडर यासाठी पुस्तकामागे दोन-पाच रुपये जास्त मागेल, ते द्या. त्याला तिन्ही बाजू जपून कापायलाही सांगा. मशीनवर सरसकट कापताना समास जातो, तसा मुखपृष्ठाचा कोपराही जातो, आणि चित्रकाराची सही बहुधा तिथेच असते. पुठ्ठा बांधणीच्या जुन्या पुस्तकांवर सुटं वेष्टण असतं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाखल नंबर लिहून वेगळं ठेवा. शंभर वेष्टणांना एक फाइल पुरते.

डकवण्याजोगंही राहिलं नसेल तर निदान त्याचा फोटो काढा. आज प्रत्येक ग्रंथालयात निदान एका माणसाच्या खिशात बरा कॅमेरा असतो. उजेडात, सपाट ठेवून, चारही कोपरे येतील असा. ‘यात स्वामित्वहक्काचा भंग होईल का?’ ही शंका आमच्या वकील सभासदांनी काढली होती, म्हणून सांगतो. चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे दलालांचंसुद्धा काम अजून मोकळं झालेलं नाही. ते फेसबुकवर टाकू नका. पण २०१२ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायला मुभा आहे. ती मुभा आपण वापरतच नाही.

तिसरं, आणि याला तर दमडीही लागत नाही. दाखल नोंदवहीत लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत, सगळ्यांना रकाना आहे. मुखपृष्ठकाराला नाही. संगणकावर नोंदी करणारी ग्रंथालयंही ‘चित्रकार’ हा रकाना सहसा कोराच सोडतात. पुस्तकाच्या आतल्या पानावर, मुद्रकाच्या नावाशेजारी बारीक अक्षरात ‘मुखपृष्ठ :’ असं लिहिलेलं असतं, तेवढं उतरवून घ्या. सरवट्यांनी आपल्या भागातल्या कुठल्या पुस्तकांना मुखपृष्ठं दिली, असं उद्या कुणी विद्यार्थ्याने विचारलं, तर आज महाराष्ट्रातलं एकही तालुका ग्रंथालय उत्तर देऊ शकेल असं मला वाटत नाही.

आणि बारकोडचं चिकटपान कृपा करून उजव्या खालच्या कोपऱ्यात लावू नका. सांगितलं ना, तिथे सही असते. शिक्क्याचंही तेच. आमच्या वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का मी मुखपृष्ठावरच्या बाईच्या थेट कपाळावर मारलेला पाहिला आहे, कुंकवाच्या जागी. मारणाऱ्याने मुद्दाम मारला असेल असं वाटावं इतका नेमका.

निर्लेखनाबद्दल शेवटचं. जीर्ण पुस्तकं रीतसर बाद करून आपण ती किलोवर रद्दीत देतो. द्यावीच लागतात, जागा नाही. पण त्या यादीवर सही होण्यापूर्वी एक दुपार काढा. ज्या पुस्तकांचा मजकूर इंटरनेटवर सुखरूप आहे, त्यांची मुखपृष्ठं मात्र त्या ढिगातच शेवटची असू शकतात. दहा हजारांहून जास्त मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत आपल्या राज्यात. प्रत्येकाने वर्षाला दहा वाचवली तरी लाखभर होतात, यात पुनरावृत्ती पुष्कळ असेल हे धरूनही.

आमच्या वाचनालयाने गेल्या वर्षीपासून हे सुरू केलं. मी आता मंडळावर नाही, साधा वर्गणीदार आहे. त्यामुळे माझं ऐकलं गेलं. चौदा महिन्यांत एकशे ब्याऐंशी मुखपृष्ठं डकवून झाली, एकेचाळीस सुटी फाइलमध्ये आहेत. बाइंडरने आधी कुरकुर केली, आता तो स्वतःच एखादं बरं मुखपृष्ठ निघालं की फोन करतो. पहिल्या खेपेला त्याने दोन पुस्तकांच्या मुखपृष्ठांची अदलाबदल करून टाकली. एका संतचरित्रावर खुनाचं चित्र गेलं. ते आम्ही तसंच ठेवलंय, सोडवायला गेलो तर फाटेल.

दलालांच्या सहीची ती पट्टीही फाइलमध्ये आहे, पहिल्या पानावर. केशरी आभाळ, पदराचा हिरवा काठ, काठावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. तुमच्या कपाटात या वर्णनाचं मुखपृष्ठ असलेलं एखादं पुस्तक अजून रेक्झिनविना असेल तर त्याचं नाव वाचनालयाच्या फलकावर लिहून ठेवा. मी अधूनमधून गावोगावची वाचनालयं पाहत फिरत असतो.

आपला,
एक वर्गणीदार

ता. क. : पिवळ्या मुखपृष्ठाच्या पुस्तकासाठी येणाऱ्या आजी गेल्या दिवाळीत वारल्या. त्यांच्या नातीने पुस्तकाचं नाव शोधून काढलं आणि ते फोनवर उतरवून घेतलं. मुखपृष्ठाच्या जागी तिथे नुसता करडा चौकोन आहे. पुस्तकाची छापील प्रत आमच्याकडे आहे, रेक्झिनमधली. नात ती घेऊन गेली आणि आतल्या कोऱ्या पानावर, आजीने सांगितल्यावरून, पेन्सिलीने एक झोका काढून परत आणून दिली. नियमाप्रमाणे होणारा दंड ग्रंथपाल बाईंनी घेतला नाही.